एमएस्सी गणिताचा अभ्यास: प्रमेयातली एकेक अट काढून बघा

फोंडा तालुक्यातल्या एका उच्च माध्यमिक विद्यालयात मी गणित शिकवते. माझं एमएस्सी गोवा विद्यापीठातलं, ताळगावच्या पठारावरचं. आमच्याकडे बारावी करून गेलेली काही मुलं बीएस्सीनंतर त्याच पठारावर पोचतात आणि पहिलं सत्र थोडं पुढे सरकलं की एखाद्या रविवारी घरी येतात. बहुतेकांचं म्हणणं एकच असतं: "टीचर, वर्गात सगळं समजतं, पण घरी कोरा कागद घेऊन बसलं की एक ओळ सुचत नाही."

ही मुलं मेहनती असतात. अभ्यास कमी पडतो असं वाटून ती तास वाढवतात, नोट्स पुन्हा पुन्हा वाचतात, आणि कागद कोराच राहतो. बीएस्सीला रीत माहीत असली की गणित सुटायचं. एमएस्सीला रीत कुठे चालते, कुठे मोडते आणि का मोडते, हे विचारलं जातं. त्यामुळे माझा सल्ला एका वाक्यात सांगायचा तर असा: समोर येणाऱ्या प्रत्येक प्रमेयातली एकेक अट काढून टाका आणि काय कोसळतं ते उदाहरणाने दाखवा. खाली जे लिहिलं आहे ते याच कामाच्या तयारीचं आणि सवयीचं आहे.

वर्ग सुरू होण्याआधी

जीयू-आर्ट ही गोवा विद्यापीठाची प्रवेश परीक्षा झाली की निकालाची वाट बघण्यात बरेच दिवस जातात. त्या दिवसांत दोनच गोष्टी पक्क्या करा. पहिली, लिनियर अल्जिब्रा. बेसिस, डायमेन्शन, रँक-नलिटी, आयगेनव्हॅल्यू एवढं हातात खेळतं हवं, कारण पुढे फंक्शनल अॅनालिसिसपासून डिफरन्शियल इक्वेशन्सपर्यंत सगळीकडे ते गृहीत धरलं जातं. दुसरी गोष्ट थोडी वेळ खाणारी आहे: 'प्रत्येक' आणि 'असा एक तरी' या शब्दांनी बांधलेली वाक्यं वाचणं आणि त्यांचा नकार लिहिणं.

याची परीक्षा घरीच घेता येते. सातत्य आणि एकसमान सातत्य यांच्या व्याख्या एकाखाली एक लिहा. शब्द जवळपास तेच दिसतील, क्रम बदललेला असेल. पहिल्या व्याख्येत बिंदू आधी ठरतो आणि त्या बिंदूपुरता डेल्टा, म्हणजे बिंदूच्या किती जवळ राहायचं ते अंतर, शोधायचा असतो. दुसरीत डेल्टा आधी द्यावा लागतो आणि तो सगळ्या बिंदूंना पुरावा लागतो. आता पुस्तक न उघडता दुसऱ्या व्याख्येचा नकार लिहा. तो असा यायला हवा: असा एक धन एप्सिलॉन आहे, की डेल्टा कितीही लहान घेतला तरी डेल्टाहून कमी अंतरावरचे दोन बिंदू सापडतात, ज्यांच्या किमतींत निदान एप्सिलॉनएवढा फरक असतो.

हे वाक्य अडखळत आलं तर थांबा आणि आणखी आठ-दहा व्याख्यांचे नकार लिहून काढा. सहज आलं तर एक्सचा वर्ग हे फलन सगळ्या वास्तव संख्यांवर एकसमान सतत नाही, हे दोन ओळींत दाखवता येईल. एन आणि एन अधिक १/एन हे दोन बिंदू घ्या. त्यांच्यातलं अंतर १/एन, म्हणजे हवं तेवढं लहान होतं. वर्गांतला फरक मात्र २ अधिक १/एन वर्ग, म्हणजे कायम दोनाहून जास्त. एप्सिलॉन २ घेतला की काम झालं. ज्या मुलांना नकार लिहिता येत नाही त्यांना हे दोन बिंदू 'कुठून आले' तेच कळत नाही. त्यांना वाटतं सरांना ते आधीपासून ठाऊक होते. ते नकाराच्या वाक्यानेच मागितलेले असतात.

उदाहरणांची वही

नोट्सच्या वहीशिवाय एक जाड, दोनशे पानी वही वेगळी ठेवा. डाव्या पानावर प्रमेय, अटी सुट्या करून, प्रत्येक अट वेगळ्या ओळीवर. उजव्या पानावर त्या त्या अटीसमोर एक उदाहरण: एवढी एकच अट गेली, बाकीच्या आहेत, तरी निष्कर्ष खोटा ठरला. ज्या अटीसमोर उदाहरण सापडत नाही ती जागा मोकळी सोडा. ती मोकळी जागा फार कामाची असते. कधी महिन्याभराने दुसऱ्याच विषयाच्या तासाला तिथलं उदाहरण सापडतं, आणि कधी कळतं की ती अट फक्त प्रूफ सोपं व्हावं म्हणून होती.

काही पानं कशी भरतात ते दाखवते.

अॅनालिसिस: सतत फलनांची क्रमिका एकसमान अभिसरित होत असेल तर तिची मर्यादाही सतत असते. 'एकसमान' काढा. ० ते १ या बंद अंतरालावर एक्स, एक्स वर्ग, एक्स घन, अशी चढत्या घातांची फलनं घ्या. प्रत्येक सतत आहे. मर्यादा १ या बिंदूवर १ आणि बाकी सगळीकडे ०. सातत्य गेलं. हे उदाहरण सगळ्यांना पाठ असतं. पाठ असणं पुरेसं मानू नका. आलेख काढा आणि बघा की एन वाढतो तसा आलेख १ च्या जवळ अधिकाधिक उभा होत जातो. प्रमेयाच्या प्रूफमध्ये एप्सिलॉनचे तीन हिस्से करतात. त्यातला एकसमान अभिसरणावर टेकलेला हिस्सा नेमका तिथेच वापरता येत नाही.

मेझर थिअरी: लेबेगचं डॉमिनेटेड कन्व्हर्जन्स थिअरम. सगळ्या फलनांना वरून झाकणारं एक इंटिग्रेबल फलन असावं, ही त्यातली अट. ती काढा. शून्य ते १/एन या उघड्या तुकड्यावर किंमत एन, इतरत्र शून्य, असं फलन घ्या. प्रत्येक बिंदूवर क्रमिका शून्याकडे जाते, कारण कोणताही धन बिंदू घेतला तरी तुकडा कधी ना कधी त्याच्या डावीकडे आकसतो. पण प्रत्येक फलनाचं इंटिग्रल १ आहे, आणि एकाची मर्यादा शून्य होत नाही. इथे थांबू नका. या सगळ्यांना एकत्र झाकणारं सर्वात लहान फलन कोणतं, ते काढून बघा. शून्याजवळ ते १/एक्ससारखं वागतं, आणि १/एक्सचं शून्यापासून एकपर्यंतचं इंटिग्रल अनंत आहे. अट कुठे मोडली ते डोळ्यांसमोर येतं, आणि ते आलं की प्रमेय वेगळं पाठ करावं लागत नाही.

लिनियर अल्जिब्रा: आयगेनव्हॅल्यू वेगवेगळ्या असतील तर मॅट्रिक्स डायगोनल करता येतो. 'वेगवेगळ्या' काढा. वरची ओळ १, १ आणि खालची ०, १. दोन्ही आयगेनव्हॅल्यू १, आयगेनव्हेक्टर एकाच दिशेत. तिथेच खाली आयडेंटिटी मॅट्रिक्सही लिहा: तिच्याही आयगेनव्हॅल्यू सारख्याच, तरी ती डायगोनलच आहे. म्हणजे ही अट पुरेशी आहे, आवश्यक नाही. 'पुरेशी' आणि 'आवश्यक' यांची गल्लत अनेक उत्तरपत्रिकांत गुण खाते, म्हणून उजव्या पानावर दोन्ही प्रकारची उदाहरणं हवीत.

अल्जिब्रा: लाग्रांजचं प्रमेय सांगतं की सबग्रुपचा ऑर्डर, म्हणजे घटकांची संख्या, ग्रुपच्या ऑर्डरला भागतो. उलट बाजू खरी आहे का? चार अक्षरांचा आल्टरनेटिंग ग्रुप, ए४ घ्या. त्याचा ऑर्डर १२, आणि ६ ऑर्डरचा सबग्रुप त्यात नाही. कारण समजून लिहा. असा सबग्रुप असता तर त्याचा इंडेक्स २ आला असता, आणि मग प्रत्येक घटकाचा वर्ग त्यात पडला असता. तीन अक्षरांचं प्रत्येक चक्र हे कशाचा ना कशाचा वर्ग असतंच, कारण त्याचा चौथा घात म्हणजे ते स्वतः. ए४ मध्ये अशी चक्रं ८ आहेत. सहा घटकांत आठ मावत नाहीत. मला हा युक्तिवाद फार आवडतो. चार ओळींत इंडेक्स, कोसेट आणि घटकाचा ऑर्डर तिन्ही कामाला लागतात.

अल्जिब्राबद्दल एक आग्रहाने सांगते: सिलोच्या प्रमेयांकडे जाण्याआधी लहान ग्रुप हाताने करा. चौरसाच्या सममितींचा ग्रुप, आठ घटकांचा क्वाटर्नियन ग्रुप, एस३, ए४. सगळे सबग्रुप लिहा, त्यांची जाळी (कोणता कोणाच्या आत बसतो ती आकृती) काढा, कोणते नॉर्मल ते ठरवा. पहिले दोन दोन्ही आठ ऑर्डरचे, दोन्ही नॉन-अबेलियन. पण क्वाटर्नियनचा प्रत्येक सबग्रुप नॉर्मल आहे, चौरसाचा तसा नाही. जाळी शेजारी शेजारी काढली की 'आयसोमॉर्फिक नाहीत' याचा अर्थ कागदावर दिसतो.

प्रूफ कसं वाचायचं

एकदा वाचा, पुस्तक बंद करा, लिहा. जिथे अडाल तिथे उघडून फक्त पुढची ओळ बघा आणि पुन्हा बंद करा. पूर्ण झालं की पेन्सिलीने प्रत्येक अट प्रूफच्या कोणत्या ओळीत वापरली तिथे खूण करा. एखादी अट वापरलीच गेली नसेल तर एकतर तुमच्या प्रूफमध्ये भोक आहे किंवा ती अट छुपेपणाने कुठे तरी वापरली गेली आहे.

कॉम्पॅक्ट संचावरचं सतत फलन एकसमान सतत असतं, हे प्रूफ या कामासाठी सगळ्यात चांगलं. एप्सिलॉन दिला की सातत्यामुळे प्रत्येक बिंदूला स्वतःचा डेल्टा मिळतो. आपल्याला एकच डेल्टा हवा आहे, म्हणून मनात येतं की सगळ्यांत लहान घेऊ. पण डेल्टा अनंत आहेत, आणि अनंत धन संख्यांचा इन्फिमम शून्य असू शकतो. इथे कॉम्पॅक्टपणा मदतीला येतो: त्या सगळ्या शेजारांपैकी (म्हणजे प्रत्येक बिंदूभोवतीच्या त्याच्या डेल्टाएवढ्या परिसरांपैकी) मोजकीच घेऊनही संच झाकला जातो, आणि मोजक्या धन संख्यांतली सर्वात लहान धनच असते. अख्ख्या प्रूफचा जीव या एका वाक्यात आहे. पुस्तकात डेल्टाऐवजी त्याच्या अर्ध्या त्रिज्येची शेजारं का घेतली, हेही विचारा. जवळचा दुसरा बिंदू मूळ शेजारात राहावा म्हणून. आता ० ते १ या उघड्या अंतरालावर १/एक्स घ्या, शून्याकडे सरकत जा आणि डेल्टा कसा आक्रसत शून्याला टेकतो ते आकडे घालून बघा. हे अंतराल कॉम्पॅक्ट नाही, त्यामुळे 'मोजकीच पुरतात' हे वाक्य तिथे म्हणताच येत नाही.

एवढ्याला एक अख्खी संध्याकाळ जाते. जाऊ द्या. रोज पाच प्रूफं वाचण्यापेक्षा आठवड्याला अशी तीन झाली तरी सत्र चांगलं जातं.

पुस्तकं, सोबत आणि प्रवास

एका विषयाला एकच मुख्य पुस्तक धरा. टोपोलॉजीला मंक्रेस, लिनियर अल्जिब्राला हॉफमन-कुन्झे, अॅनालिसिसला रुडिन. रुडिन फार आटोपशीर लिहितात. दोन ओळींच्या मधली पायरी तुम्ही भरायची असते, म्हणून ते पुस्तक वाचताना शेजारी कागद नसेल तर वाचूच नका. पहिल्या महिन्यात ते जड गेलं तर बार्टल-शेर्बर्ट घ्या, त्यात काही कमीपणा नाही. एनपीटीईएल या ऑनलाइन व्याख्यानांच्या संकेतस्थळावर आयआयटीच्या प्राध्यापकांची व्याख्यानं फुकट आहेत. ती तास बुडाला असेल तेव्हा किंवा दुसऱ्या कुणाची मांडणी हवी असेल तेव्हा बघा. व्हिडिओ बघितला म्हणजे अभ्यास झाला असं धरू नका.

अभ्यासाला दोन-तीन जणांचा गट बरा. तास संपल्यावर रिकामा वर्ग मिळाला तर फळ्याशी एकाने उभं राहायचं आणि बाकीच्यांनी दर ओळीला "का?" विचारायचं. बोलणं मराठीत-कोंकणीत होऊ द्या, विचार त्यातच मोकळा चालतो. पण फळ्यावर जे लिहाल ते पूर्ण इंग्रजी वाक्यांत लिहा, कारण पेपर तसाच लिहायचा आहे. आयएसएच्या, म्हणजे सत्राच्या मधल्या अंतर्गत परीक्षांच्या, उत्तरांत नुसती चिन्हांची रांग आणि बाण असतात. 'समजा', 'म्हणून', 'अमुक प्रमेयाने' हे जोडणारे शब्दच नसतात. शिक्षकाला ती रांग वाचून तुम्हाला काय म्हणायचं होतं ते ओळखावं लागतं. परीक्षेत त्याने ते ओळखावं अशी अपेक्षा ठेवू नका.

फोंडा, डिचोली, सत्तरी, पेडणे इथून रोज ये-जा करणाऱ्यांचा प्रवासात बराच वेळ जातो. कदंबाच्या बसमध्ये नवीन काही वाचायला घेऊ नका. व्याख्या मनात म्हणा. बाणस्तारीच्या पुलापासून जुन्या गोव्यापर्यंत टोपोलॉजीतल्या कॉम्पॅक्ट, कनेक्टेड, हाउसडॉर्फ यांच्या व्याख्या आणि प्रत्येकीचं एक उदाहरण, एक अनुदाहरण. अडलं तर उतरल्यावर वही उघडा.

चवथीची, म्हणजे गणेश चतुर्थीची, सुट्टी पहिल्या सत्राच्या मधोमध येते. घरात गणपतीच्या वर फळाफुलांची माटोळी बांधायची असते, पाहुणे असतात, आरत्या असतात, आणि त्या आठवड्यात नवीन थिअरी डोक्यात शिरत नाही. त्यात सहभागी व्हा. अभ्यासाला हाताची कामं ठेवा: तीन बाय तीन मॅट्रिक्सचे जॉर्डन फॉर्म, रेसिड्यू काढून इंटिग्रल, लहान ग्रुपांच्या जाळ्या. अर्धा तास मिळाला तरी एक पुरं होतं. पावसात वीज जाते तेव्हाही हीच कामं उपयोगी पडतात.

मागे पडलात तर पहिल्या प्रकरणापासून पुन्हा सुरुवात करू नका. यात मुलांची सत्रंच्या सत्रं गेलेली मी बघितली आहेत: पहिलं प्रकरण तिसऱ्यांदा छान होतं आणि वर्ग सातव्यावर पोचलेला असतो. आजच्या तासाचं प्रमेय घ्या. त्यातला जो शब्द कळत नाही त्याची व्याख्या शोधा, त्या व्याख्येतला कळत नसेल तो शब्द शोधा, असे उलटे मागे जा. बहुधा तीन-चार पायऱ्यांत जमीन लागते. उद्याच्या तासाला तुम्ही वर्गाबरोबर असता, आणि मागची भोकं हवी तिथे बुजलेली असतात.

शिक्षकांना विचारायला संकोचू नका, पण रिकाम्या हाताने जाऊ नका. "सर, हे समजलं नाही" याला उत्तर देणं कठीण असतं. "सर, या ओळीत कव्हर सांत का होतं ते कळत नाही, मी असं करून बघितलं आणि इथे अडले" असं म्हटलं की पाच मिनिटांत काम होतं.

गोव्यात राहून

काही मुलांच्या मनात असतं की खरं गणित मुंबई-बंगळूरला होतं. त्यांना मी दामोदर धर्मानंद कोसंबींबद्दल सांगते. इतिहासकार म्हणून त्यांचं नाव सगळे घेतात. गोव्यात १९०७ साली जन्मलेला हा माणूस पेशाने गणिती होता. पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात शिकवत असताना १९४३ मध्ये त्यांनी यादृच्छिक फलनांच्या विस्ताराबद्दल जो शोधनिबंध लिहिला, त्यातली कल्पना पुढे कार्हुनेन आणि लोएव्ह यांच्या नावाने जगभर ओळखली जाऊ लागली. त्या दोघांचं काम १९४३ नंतरचं. आनुवंशिकीत गुणसूत्रावरची अंतरं मोजायला वापरलं जाणारं, १९४४ चं कोसंबी मॅप फंक्शन तर त्यांच्याच नावाने शिकवतात. फंक्शनल अॅनालिसिसमध्ये कॉम्पॅक्ट सेल्फ-अॅडजॉइंट ऑपरेटरचं स्पेक्ट्रल थिअरम झालं की हा विस्तार समजायला लागणारं बहुतेक सामान तुमच्याकडे असतं. तेव्हा तो नक्की वाचा. पाठ्यक्रमातल्या प्रमेयातून उपयोगाचं काय निघतं ते त्यात चांगलं दिसतं.

घरी जागा किंवा शांतता नसेल तर विद्यापीठाचं ग्रंथालय आहेच. शिवाय पणजीला पाटोवर कृष्णदास शामा मध्यवर्ती ग्रंथालय आहे, १८३२ साली सुरू झालेलं. शनिवारी सकाळी तिथे जाऊन बसा.

पहिल्या वर्षानंतरच्या उन्हाळ्यासाठी एमटीटीएस या गणिताच्या प्रशिक्षण शिबिराला अर्ज करा. १९९३ पासून चालत आलेला हा कार्यक्रम आहे. तिथे शिक्षक उत्तर देत नाहीत, प्रश्न विचारत राहतात. अर्जाची मुदत उन्हाळ्याच्या बरीच आधी संपते, म्हणून डिसेंबरपासून लक्ष ठेवा. पीएचडीचा विचार असेल तर एनबीएचएमची (नॅशनल बोर्ड फॉर हायर मॅथमॅटिक्सची) शिष्यवृत्ती परीक्षाही ध्यानात असू द्या. उच्च माध्यमिकला शिकवायचं असेल तर बीएडची चौकशी चौथ्या सत्रातच करा.

नेट, म्हणजे संशोधनवृत्ती आणि कॉलेजात शिकवण्यासाठीची पात्रता परीक्षा, हिची तयारी तिसऱ्या सत्रापासून. सीएसआयआर नेटचा गणिताचा पेपर तीन तासांचा, २०० गुणांचा. पार्ट ए मध्ये सामान्य आकलनाचे १५ प्रश्न सोडवायचे, ३० गुण. पार्ट बी मध्ये ४० पैकी २५, प्रत्येकी ३, म्हणजे ७५. पार्ट सी मध्ये ६० पैकी २०, प्रत्येकी ४.७५, म्हणजे ९५. ए आणि बी मध्ये चुकीच्या उत्तराला त्या प्रश्नाच्या गुणांचा पाव हिस्सा वजा होतो. सी मध्ये वजा काही नाही, पण एकाहून जास्त पर्याय बरोबर असू शकतात आणि सगळे बरोबर पर्याय नेमके निवडले तरच गुण मिळतात.

जवळजवळ निम्मे गुण पार्ट सीचे आहेत, आणि त्यातले अनेक पर्याय म्हणजे एखाद्या प्रमेयातली अट हळूच काढून किंवा बदलून केलेली विधानं असतात. 'संच कनेक्टेड असेल तर पाथ-कनेक्टेड असतो': टोपोलॉजिस्ट्स साइन कर्व्ह, खोटं. 'फलन सगळीकडे डिफरन्शिएबल असेल तर डेरिव्हेटिव्ह सतत असतो': एक्स वर्ग गुणिले साइन १/एक्स, शून्यावर शून्य, खोटं. वहीची उजवी पानं भरलेली असली तर खोटे पर्याय काही सेकंदांत गळतात, आणि उरलेल्या एक-दोन पर्यायांची सिद्धता तपासायला वेळ राहतो. जुने पेपर सोडवताना प्रत्येक खोट्या पर्यायाचं उदाहरण त्याच वहीत, त्याच प्रमेयासमोर लिहीत जा. जागा संपली तर पान चिकटवा.